कारण विचारण्याचा अधिकार

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट, घोटावडे फाटा असे करीत आपण पौडला येतो आणि पुढे धरणाच्या कडेने ताम्हिणी घाटाकडे जातो. पावसाळ्यातील शनिवार-रविवार, गणेशविसर्जन, ३१ डिसेंबर, निवडणुकीची आचारसंहिता अशा प्रत्येक निमित्ताने या रस्त्यावर लोखंडी अडथळे उभे राहतात आणि वाहने थांबविली जातात. ती थांबवू नयेत असे माझे म्हणणे नाही. मद्यधुंद पर्यटकांनी भरलेल्या गाड्या ज्या वेगाने या वळणांवरून जातात तो पाहिलेल्या कोणीही नाकाबंदीला विरोध करणार नाही. मला लिहावयाचे आहे ते त्यापुढच्या गोष्टीविषयी. गाडी थांबविणे ही एक कृती आहे आणि थांबलेल्या माणसाची पिशवी, डिकी, खिसे, मोबाइल उघडून पाहणे ही दुसरी कृती आहे. कायद्याने या दोहोंमध्ये स्पष्ट अंतर ठेवले आहे. आपल्या वस्त्यांमध्ये, आपल्या पालकांमध्ये आणि खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या पदवीधरांमध्येही, ते अंतर जवळजवळ कोणाला ठाऊक नाही.

मोटार वाहन अधिनियम १९८८ काय सांगतो ते प्रथम पाहू. गणवेशातील पोलीस अधिकाऱ्याने मागणी केल्यास चालकाने परवाना दाखविला पाहिजे, असे कलम १३० सांगते. थांबण्यास सांगितल्यास थांबले पाहिजे, हे कलम १३२. मद्यपानाचा संशय असल्यास श्वासाची चाचणी देण्याचे बंधन कलम २०३ मध्ये आहे. कागदपत्रे ताब्यात घ्यावयाची असल्यास ती कलम २०६ प्रमाणे पावती देऊन घ्यावयाची असतात; विनापरवाना वा विनानोंदणी वाहन अडकवून ठेवण्याचा अधिकार कलम २०७ मध्ये आहे. गाडीची किल्ली काढून घेण्याचा अधिकार यात कोठेही नाही, जरी नाक्यावरील पहिली हालचाल बहुधा तीच असते. डिकी उघडण्याचा, पिशवी रस्त्यावर रिकामी करण्याचा, मोबाइलमधील संदेश वाचण्याचा अधिकारही या कायद्यात नाही. त्यासाठी दुसऱ्या कायद्याकडे जावे लागते: अमली पदार्थांचा कायदा, शस्त्र कायदा, राज्याचा दारूबंदी कायदा, किंवा दखलपात्र गुन्ह्याच्या तपासातील झडतीविषयी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घालून दिलेली पद्धत. यातील बहुतेक कायदे अधिकाऱ्याकडून एका गोष्टीची अपेक्षा करतात. संशयाला काही आधार हवा. 'सहज बघतो' हा आधार होत नाही.

मग 'सहज' कोणाचे बघितले जाते? कोणत्याही नाक्यावर पंधरा मिनिटे उभे राहावे. काळ्या काचांची मोठी मोटार हात दाखवून पुढे सोडली जाते आणि जुन्या दुचाकीवरील, पाठीवर पिशवी अडकविलेला, सावळा तरुण बाजूला घेतला जातो. त्याला नाव विचारले जाते. नावावरून उलगडा न झाल्यास आडनाव, आडनावावरून न झाल्यास गाव, गावावरून न झाल्यास गावातील आळी. वाहन परवान्यावर आळीचा रकाना नसतो, पण प्रश्न विचारला जातो. याची आकडेवारी आपल्याकडे कोणी ठेवत नाही. न्यूयॉर्क शहरात ती ठेवली गेली. २००४ ते २०१२ या काळात तेथील पोलिसांनी ४४ लाख वेळा लोकांना रस्त्यावर थांबविले, त्यांपैकी ८३ टक्के कृष्णवर्णीय वा लॅटिनो होते, आणि याच नोंदींच्या आधारे २०१३ साली न्यायाधीश शिरा शाइंडलिन यांनी ही प्रथा ज्या रीतीने राबविली जात होती ती संविधानविरोधी ठरविली. तेथे प्रत्येक वेळी एक कागद भरला जात होता म्हणून हे घडू शकले. आपल्याकडे कागदच नाही, म्हणून भेदभावही नाही, असे म्हणण्याची सोय आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या ठिकाणी एक गोष्ट नेहमी आठवते. गावगाड्यात वेशीवर उभे राहून येणाऱ्या-जाणाऱ्याची विचारपूस करणे हे काम आपल्याच पूर्वजांकडे होते. येसकर वेशीचा राखणदार होता. परक्या माणसाची खबर पाटलाला देणे, चोरीचा माग काढणे, सरकारी खजिन्याबरोबर चालत जाणे ही महार वतनाची कामे होती. काम होते, अधिकार नव्हता. चोरी झाली की माग काढणाराच पुष्कळदा पहिला संशयित ठरे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतनाविषयीचे विधेयक मांडले ते याच दास्यातून समाजाला बाहेर काढण्यासाठी. ज्यांनी शतकानुशतके वेशीवर रात्री जागवल्या त्यांची नातवंडे आज वेशीवर अडविली जातात, आणि अडविणारा शिपाईही पुष्कळदा दुसऱ्या कोणाचा तरी येसकरच असतो. आदेश वरून येतो, ऊन आणि पाऊस तो खातो.

आपल्यापेक्षाही कठोर अनुभव भटक्या-विमुक्तांचा आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसे जन्मतःच संशयित ठरविली. हजेरी, पास, परवानगीवाचून गाव सोडण्यास बंदी, आणि सोलापूरसारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणातील वसाहती. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा गेला. पारधी, कैकाडी, वडार यांच्याकडे पाहण्याची दृष्टी त्या दिवशी गेली नाही. याच पुणे जिल्ह्यात, बारामतीत, १९९८ साली पिन्या हरी काळे या पारधी तरुणाचा पोलिसांच्या ताब्यात मृत्यू झाला, आणि त्या वर्षी देशभर उभ्या राहिलेल्या विमुक्तांच्या हक्क चळवळीत त्याचे नाव घेतले गेले. आपल्या वसतिगृहातील मुलांच्या हजेरीपटावर या जमातींची मुले आहेत, हे पालकांनी लक्षात घ्यावे. 'हजेरी' हा शब्द त्यांच्या पणजोबांच्या कानी कोणत्या अर्थाने पडत होता हे मी वर्गात सांगतो तेव्हा वर्ग शांत होतो.

बाबासाहेबांच्या आयुष्यातील पहिला नाकाही आपण विसरता कामा नये. १९०१ च्या सुमारास सातारा जिल्ह्यातील मसूर स्थानकावर उतरून ते भावंडांसह वडिलांना भेटण्यास गोरेगावला बैलगाडीने निघाले. वाटेत रात्री टोलनाका लागला. गाडीवानाच्या सल्ल्याने त्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाने नाक्यावरील माणसाला आपण मुसलमान असल्याचे सांगून पाणी मागितले, आणि तरीही पाणी मिळाले नाही. हा प्रसंग आपण पाण्याच्या प्रश्नाचा म्हणून सांगतो, आणि तो तसा आहेच. पण तो रस्त्यावर, अधिकाऱ्यासमोर, स्वतःची ओळख लपविण्याची पाळी आलेल्या मुलाचाही प्रसंग आहे. खोटे नाव सांगितले तर कदाचित सुटका होईल, हा विचार आजही नाक्यावर उभ्या असलेल्या आपल्या मुलाच्या मनात येतो.

याच मुलाने पुढे काय केले, ते आपल्या समाजातही फारसे सांगितले जात नाही. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने त्यांनी संविधान सभेच्या मूलभूत हक्क उपसमितीपुढे 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' हा मसुदा ठेवला. राज्य समाजवाद, स्वतंत्र वसाहती, स्वतंत्र मतदारसंघ यांसाठी तो प्रसिद्ध आहे आणि आपली व्याख्याने तेवढ्यावरच थांबतात. पण त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत आणखी एक हक्क आहे: माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडती आणि जप्तीपासून संरक्षण असावे, आणि सबळ कारण शपथेवर मांडल्याखेरीज वॉरंट निघू नये. अमेरिकन संविधानाच्या चौथ्या दुरुस्तीचा हा आशय. कोलंबियात शिकलेल्या बाबासाहेबांना तो नुसता पुस्तकातून आवडला असेल असे मला वाटत नाही. झडती कोणाच्या घरात आधी शिरते हे त्यांना ठाऊक होते.

ही तरतूद टिकली नाही. संविधान सभेचे सल्लागार बी. एन. राव आणि अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांच्यासारख्या कायदेपंडितांनी, तपासकामात अडथळा येईल, असा आक्षेप घेतला आणि ती गळाली. डिसेंबर १९४८ मध्ये तिला पुन्हा एक संधी मिळाली. मध्यप्रांत व वऱ्हाडातून निवडून आलेले सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी नेमक्या याच आशयाची दुरुस्ती सुचविली. बाबासाहेब तेव्हा मसुदा समितीचे अध्यक्ष होते. बाहेरून आलेल्या दुरुस्त्या नाकारणे हे त्यांचे रोजचे काम होते. ही दुरुस्ती त्यांनी स्वीकारार्ह म्हटली. यात नवीन काही नाही, हे सर्व फौजदारी प्रक्रिया संहितेत आहेच, असे त्यांनी सांगितले. पण व्यक्तिस्वातंत्र्याच्या हितासाठी ते विधिमंडळाच्या हाताबाहेर, म्हणजे संविधानात असणे इष्ट आहे, असा त्यांचा मुद्दा होता. मतदानाच्या वेळी सभागृहात गोंधळ उडाला, मतदान पुढे ढकलले गेले, आणि पुढे दुरुस्ती नामंजूर झाली. मसुदा समितीच्या अध्यक्षाला मान्य असलेली गोष्ट सभागृहाने नाकारली, अशी उदाहरणे थोडी आहेत.

यातून काय घडले ते पाहा. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितले की संविधानकारांनी अमेरिकेच्या चौथ्या दुरुस्तीसारखी तरतूद ठेवलेली नाही, तेव्हा ती मागच्या दाराने आणता येणार नाही. १९७३ साली पूरनमल खटल्यात न्यायालय म्हणाले की झडती बेकायदा असली तरी तिच्यात सापडलेला पुरावा केवळ तेवढ्या कारणाने बाद होत नाही. म्हणजे रस्त्यावर तुमची पिशवी विनाकारण उघडली गेली आणि तीत काही सापडले, तर 'उघडण्याचा अधिकारच नव्हता' हा बचाव सहसा तुम्हाला वाचवीत नाही. १९४८ च्या त्या मतदानाची किंमत ही अशी नाक्यावर मोजावी लागते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले आणि एम. पी. शर्मा निकालातील तो भाग रद्द ठरविला. त्या निकालपत्रात १९४७ च्या बाबासाहेबांच्या मसुद्याचा उल्लेख आहे. सत्तर वर्षांनी का होईना, त्यांनी मागितलेले काही अंशी मिळाले. मात्र पुराव्याविषयीचा जुना नियम अद्याप उभा आहे.

महाराष्ट्राने याबाबतीत देशाच्या एक पाऊल पुढे टाकले होते, हेही नोंदविले पाहिजे. गोवंश हत्याबंदीच्या २०१५ च्या सुधारित कायद्यात, राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणेही गुन्हा ठरविणारे कलम ५ड होते. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती एस. सी. गुप्ते यांनी ते कलम रद्द केले, आणि त्यासाठी खासगीपणाचा आधार घेतला. पुट्टस्वामी निकालाच्या सव्वा वर्ष आधी. कोणाच्या डब्यात काय आहे हे पाहण्यास राज्याने उत्सुक असू नये, हे मान्य करून घेण्यासाठी काही नागरिकांना याचिका करावी लागली. त्यांनी ती केली म्हणून ते कलम गेले.

आता नेहमीच्या आक्षेपाकडे येतो. 'जवळ काही नसेल तर झडतीला भ्यायचे कशाला?' हा प्रश्न मला शिक्षक कक्षातही विचारला जातो, आणि विचारणाऱ्याची पिशवी आजवर कोणी उघडलेली नसते. ऑगस्ट २०२४ मध्ये मुंबईत कलिना भागात साध्या वेशातील पोलिसांनी एका माणसाला झडतीसाठी धरले. झडती घेणाऱ्यानेच त्याच्या खिशात काहीतरी सरकविल्याचे समोरच्या कॅमेऱ्यात टिपले गेले. चित्रण बाहेर आल्यावर माणूस सुटला आणि एका उपनिरीक्षकासह चौघे निलंबित झाले. कॅमेरा नसता तर त्या माणसाजवळ 'काही नव्हते' हे कोणी मानले असते? हैदराबादेत २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये पोलीस रस्त्यावर दुचाकीस्वारांना थांबवून त्यांच्या मोबाइलमधील संभाषणात गांजाचा उल्लेख आहे का ते शोधीत होते, आणि हे सर्व चित्रफितींतून देशाने पाहिले. ज्याच्याजवळ काही नाही त्याच्याजवळही आईचे औषध असते, बहिणीचे छायाचित्र असते, मित्राशी झालेले बोलणे असते, कर्जाच्या हप्त्याची पावती असते. ते चारचौघांत उघडे करण्यास गरिबाला लाज वाटू नये, असे मानणारा माणूस गरिबाला निराळ्या मापाने मोजीत असतो.

दुसरा आक्षेप आपल्या घरातला आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. 'पोलिसांशी वाद नको, बाळा. म्हणतील ते कर आणि घरी ये.' प्रत्येक आईचे हे वाक्य आहे आणि त्यामागे अनुभव आहे. जानेवारी २०१८ मधील बंदनंतर वस्त्या-वस्त्यांत झालेली कोम्बिंग ऑपरेशन ज्यांनी पाहिली त्यांना या भीतीचे कारण सांगावे लागत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, त्यानंतर धरपकड झाली, आणि अटकेतील सोमनाथ सूर्यवंशी हा तरुण १५ डिसेंबर रोजी न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. तो कायद्याचा विद्यार्थी होता. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या मृत्यूप्रकरणी गुन्हा नोंदविण्याचा आदेश दिला, राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तेथे सरकारची मागणी फेटाळली गेली. कायदा शिकणाऱ्या मुलाच्या बाबतीत हे झाले तर आमच्या मुलाला कायदा शिकवून काय उपयोग, असे एका पालकाने मला विचारले. मी त्यांना एवढेच म्हणालो की गुन्हा नोंदविण्याचा तो आदेशसुद्धा एक आई न्यायालयात उभी राहिली म्हणून मिळाला.

विचारण्याची किंमत असते, हे मी लपविणार नाही. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी रात्रपाळीच्या कामाला जातो. जिल्ह्यातील एका नाक्यावर त्याला थांबविण्यात आले. परवाना, विमा, हेल्मेट सर्व व्यवस्थित होते. पिशवी उघडण्यास सांगितल्यावर त्याने विचारले, "साहेब, कशाबद्दल झडती आहे? तशी नोंद कराल का?" एवढेच. आवाज चढविला नाही, मोबाइल वर केला नाही. 'लई शिकलाय वाटतं' असे म्हणून त्याला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे रस्त्याच्या कडेला बसवून ठेवले आणि पिशवी न उघडताच जाऊ दिले. त्या दिवशी त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली गेली. "सर, पिशवी उघडून दाखवली असती तर दोन मिनिटांत सुटलो असतो," असे तो मला म्हणाला, आणि लगेच पुढे म्हणाला, "पण मग उद्याही उघडावी लागली असती." पिशवी का उघडली गेली नाही, हा त्या प्रसंगातील खरा प्रश्न आहे. संशय खरा असता तर ती उघडलीच असती. नोंद करण्याजोगे कारण नव्हते, आणि कारण लिहावे लागेल या एका शक्यतेने झडती थांबली.

म्हणूनच, झडतीला आव्हान देणे म्हणजे नाक्यावर हुज्जत घालणे, अशी जी समजूत मोबाइलवरील चित्रफितींनी तरुणांत पसरविली आहे तिला माझा विरोध आहे. हात झटकणे, गाडी दामटणे, अंगावर धावून जाणे यांतून सरकारी कामात अडथळ्याचे कलम लागते आणि मूळची बेकायदा झडती बाजूलाच राहते. रस्त्यावर शरीराने अडवू नये. शब्दाने विचारावे आणि पुढचे आव्हान कागदावर द्यावे. कायद्याने त्यासाठी पुरेशी साधने ठेवली आहेत. आपण ती हाती घेत नाही. अमली पदार्थांच्या संशयावरून अंगझडती घ्यावयाची असेल तर राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याची मागणी करण्याचा तुमचा हक्क आहे आणि तो तुम्हाला सांगणे पोलिसांचे कर्तव्य आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५० चे हे बंधन काटेकोर आहे असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० साली विजयसिंह जाडेजा खटल्यात ठरविले. हे संरक्षण शरीरापुरते आहे, पिशवी वा वाहनाला ते लागू नाही, हेही ठाऊक असावे. अर्धवट माहितीवर वाद घालणारा हरतो. वाहनाच्या बाबतीत २०२१ चा बूटा सिंग निकाल लक्षात ठेवण्याजोगा आहे. हरियाणात रस्त्यावर उभ्या असलेल्या खासगी जीपची झडती झाली होती. खासगी वाहन हे सार्वजनिक स्थळ नाही, तेव्हा माहिती आणि कारण आधी लिहून ठेवण्याचे कलम ४२ चे बंधन पाळणे आवश्यक होते, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची शिक्षा रद्द केली. गाडी रस्त्यावर आहे म्हणून ती सर्वांची होत नाही.

स्त्रीची अंगझडती स्त्रीनेच, सभ्यता पूर्ण सांभाळून घ्यावयाची असते. आपल्या मुलींना हे पाठ असले पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने झडती आणि जप्तीचे दृकश्राव्य चित्रण पोलिसांवरच बंधनकारक केले आहे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्यांकडे पाठवावयाचे असते. नव्या संहितेवर माझे आक्षेप पुष्कळ आहेत, पण हे एक कलम आपल्या कामाचे आहे. "साहेब, चित्रण चालू आहे ना?" हा प्रश्न आता उद्धटपणाचा राहिलेला नाही, तो कायद्यातला प्रश्न आहे. जप्ती झाली तर यादी मागावी, पंच कोण होते ते पाहावे, न वाचता सही करू नये. विनाकारण त्रास देण्यासाठी झडती घेणाऱ्या पोलिसाला महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १४७ खाली शिक्षा होऊ शकते. एनडीपीएस कायद्याच्या कलम ५८ मध्येही तशी तरतूद आहे. राज्य आणि विभाग पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे आहेत. तेथे आपल्या लोकांचे अर्ज किती जातात? घरी येऊन जेवताना शिव्या देणे आणि दुसऱ्या दिवशी विसरणे, ही आपली तक्रारपद्धती आहे.

येथे पोलीस खात्यात असलेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांशी दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण ही स्मरणिका त्यांच्याही हाती पडणार आहे. भरतीच्या मैदानावर ऊर फुटेस्तोवर धावलेली ही मुले आमचा अभिमान आहेत. बारा-बारा तास नाक्यावर उभे राहणे, वरिष्ठांनी दिलेला कारवायांचा आकडा पूर्ण करणे, सणाला घर न दिसणे हे त्यांचे भोग आम्हाला समजतात. त्यांच्यावर आरोप करण्यासाठी हा लेख नाही. पण गणवेश चढविल्यावर ज्याच्या आडनावावरून तुम्ही थबकता, ते आडनाव कालपर्यंत या शाळेच्या हजेरीपटावर तुमच्या नावाखाली होते, एवढे आठवावे. कारण विचारणारा तरुण तुमचा अपमान करीत नाही. कारण सांगून, नोंद करून घेतलेली झडती न्यायालयात टिकते आणि तुम्हालाही खोट्या आरोपापासून वाचविते.

शाळेपुरती माझी एक सूचना आहे आणि ती संस्थेच्या कार्यकारिणीने विचारात घ्यावी. नववी-दहावीच्या नागरिकशास्त्रात मूलभूत हक्कांची यादी आपण पाठ करून घेतो. मुले ती २६ जानेवारीला सुंदर म्हणतात. त्याबरोबर वर्षातून दोन तास प्रत्यक्षाला द्यावेत. वकिली करणारा एक माजी विद्यार्थी आणि पोलीस खात्यातील एक माजी विद्यार्थी, दोघांना एकाच वर्गात एकाच वेळी बोलवावे. मुलांनी प्रश्न विचारावेत, त्यांनी उत्तरे द्यावीत, आणि जेथे दोघांचे पटणार नाही तेथे त्यांनी मुलांसमोरच वाद घालावा. पंचनाम्याचा कोरा नमुना मुलांच्या हाती द्यावा आणि वर्गातील एखाद्या दप्तराचा पंचनामा त्यांच्याकडूनच लिहून घ्यावा: वेळ, स्थळ, कारण, पंचांची नावे, सापडलेल्या वस्तू. 'कारण' हा रकाना कोरा ठेवून पुढे जाता येणार नाही, एवढा नियम असावा. तक्रारअर्ज कसा लिहावा, पोच कशी घ्यावी, हेही त्याच तासात होईल. माजी विद्यार्थी संघाने तालुक्यातील आणि पुण्यातील चार-पाच वकिलांची नावे व दूरध्वनी क्रमांक एका कार्डावर छापून द्यावेत; वाहन परवान्यामागे मावेल एवढे लहान. आणि ज्याची मजुरी नाक्यावर कापली जाईल त्याच्यासाठी संघाच्या निधीतून थोडी रक्कम बाजूला काढावी. विचारण्याची किंमत एकट्यानेच का भरावी? मी या निधीसाठी एक दिवसाचे वेतन आजच लेखनिकांकडे जमा केले आहे. पावती क्रमांक एक आहे, दोनची वाट पाहत आहे.